मावशींची गाठ मी वाढवली

माझ्या रागाला घरात सगळे कंटाळलेत. नवरा म्हणतो, झालं ते झालं, आता सोड. आई कांदिवलीहून फोन करते आणि तिच्या मालवणीत बजावते, "गो, इतको राग बरो न्हय. पित्त होतला." पित्त केव्हाच झालंय. सकाळी उठल्याबरोबर तोंड कडू असतं. तरीही मी राग सोडलेला नाही, कारण सोडला तर तो फिरून कोणाच्या अंगावर येईल हे मला नीट ठाऊक आहे.

मी कॅन्सरच्या पेशी वाढवते. हे मी लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मुलीच्या शाळेत इतक्या वेळा सांगितलंय की पुढचा प्रश्न मला पाठ आहे. वाढवता? मारत नाही? मग मी म्हणते, मारायला शिकायचं तर आधी वाढवाव्या लागतात. लोक मान हलवतात आणि ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसतात.

आमची लॅब मरोळला, औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर दरवाज्यांच्या कड्या-कोयंड्यांना पॉलिश मारतात, वर खोटे दागिने बनतात. खालचं मशीन सुरू झालं की आमचं टेबल थरथरतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली मी स्कूटरच्या टायरचे तुकडे घातलेत. ते पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून लॅब चालवणारे आमचे सर पुढे कुंडी ठेवायला लावतात. कुंडीतल्या मातीत बुरशी असते आणि बुरशी म्हणजे आमच्या पेशींची वैरीण, हे परदेशात डॉक्टरेट करून आलेल्या माणसाला मी दर वेळी सांगते. तो दर वेळी "ओके, ओके" म्हणतो आणि पुढच्या पाहुण्यांना कुंडी परत येते.

काम काय ते थोडक्यात सांगते. गाठीतल्या पेशी काचेच्या सपाट बशीत सोडल्या की त्या चटईवर झोपल्यासारख्या पसरतात. वरून औषध टाकलं की पटापट मरतात. माणसाच्या अंगात त्या अशा पसरलेल्या नसतात. तिथे त्यांचा गोळा असतो, बाहेरच्या पेशी आतल्यांना झाकतात, आतपर्यंत ना हवा धड पोचते ना औषध. म्हणून बशीत जिंकलेलं औषध अंगात पुष्कळदा हरतं. आम्ही त्यांना गोळ्यातच वाढवतो. पारदर्शक रबराची एक वडी असते, क्रीमच्या बिस्किटाएवढी, तिला चिप म्हणतात. तिच्यात केसाएवढे बारीक पाट असतात आणि पाटांच्या कडेला कोनाडे. कोनाड्यांत जेलीत कालवलेल्या पेशी भरायच्या आणि पाटातून लालसर खाद्य पंपाने अगदी हळू सोडत राहायचं. चार-पाच दिवसांत खसखशीएवढे गोळे धरतात. मग एकेका पाटातून एकेक औषध सोडायचं आणि कुठल्या पाटातले गोळे मरतात ते बघायचं.

सांगायला इतकं सोपं. हवेचा एक बुडबुडा पाटात शिरला तर वाटेतलं सगळं खरवडून नेतो. फ्रीजमधलं गार खाद्य तसंच लावलं तर गरम होताना त्यातून बुडबुडे सुटतात. चिप उबदार कपाटातून बाहेर काढून एसीत ठेवली तर पेशी कोमेजतात. तान्ह्या पोराचं करावं तसं सगळं करावं लागतं, आणि करताना हे विसरून चालत नाही की आपण जे जपतोय ते कोणाच्या तरी जिवावर उठलेलं आहे. मी विसरत असे. चांगला गोळा धरला की मला आनंद व्हायचा, आणि तो मी लपवतही नसे.

आता मावशी. आमच्याकडे काचेची भांडी धुणं, लाद्या पुसणं आणि इनक्युबेटरमधल्या, म्हणजे त्या उबदार कपाटातल्या, पाण्याच्या ताटल्या भरणं ही कामं मावशींची. ताटली कोरडी पडली की आतली हवा कोरडी होते आणि चिप सुकते. सहा वर्षांत मी ताटली कोरडी पडलेली एकदाही पाहिली नाही. एमएस्सी झालेली मुलं येतात, हातमोजे घालून मोबाईल बघतात आणि त्याच हातांनी बाटल्या उघडतात. मावशींनी त्यातल्या एकाला सर्वांदेखत सुनावलं होतं, "घरी देवघरात चपला घालून जातोस का रे?" त्या स्वतः बौद्ध. घाटकोपरला डोंगरउतारावर त्यांचं घर, माहेर परभणीकडचं. दुपारी डबा खाऊन झाला की मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, छोट्या जाहिरातींसकट. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर सरांनी त्यांना "अनपढ बाई" म्हटलं. हिंदीत म्हटलं. सर स्वतः मराठी आहेत.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता एकदा मावशी सिंकपाशी मापाच्या काचनळ्या धूत होत्या. मी शेजारी हात धूत होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या छातीत गाठ निघालीय. सुईनं तुकडा काढला. तीच आहे म्हणतात."

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी सलाईनमधून औषध देणार, गाठ बारीक झाली की ऑपरेशन. पंधरा दिवसांनी तारीख दिलीय." मग त्यांनी नळ बंद केला. "आपल्याकडे लावता येईल का माझी?"

आपल्याकडे, असं म्हणाल्या त्या. मी सरांना विचारलं आणि सरांचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. मावशींच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी आमचा संशोधनाचा करार होताच. स्वतःच्या लॅबमधली बाई, स्वतःच्या गाठीचा तुकडा देणारी. पाहुण्यांना सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? दोन दिवसांत सगळ्या परवानग्या झाल्या. एरवी ग्लोव्ह्जचे खोके मागवायला आमच्याकडे महिना लागतो.

संमतीचा फॉर्म तेरा मुद्द्यांचा, सगळा इंग्रजीत. सरांनी मावशींना केबिनमध्ये बसवलं, त्यांच्यासाठी चहा मागवला आणि फॉर्म वाचून दाखवला. इंग्रजीतच. आईशी फोनवर "अगं, वरणात मीठ जास्त झालं होतं" असं बोलणारा माणूस परभणीच्या बाईसमोर इंग्रजी वाचत बसला, कारण म्हणे हे शब्द मराठीत नाहीत. मावशी मान हलवत होत्या. साहेबांसमोर मान हलवायची असते तशी. शेवटी सर घड्याळ बघत मला म्हणाले, "तू जरा समजाव यार त्यांना. मला कॉल आहे."

मी समजावलं. केबिनच्या दाराशी उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मावशी, तुमच्याच गाठीचे छोटे छोटे गोळे करायचे, त्यांच्यावर वेगवेगळी औषधं लावायची. कुठलं औषध तुम्हाला लागू पडतंय ते आधीच कळेल. मी स्वतः करते. झाल्यावर तुम्हाला रिपोर्ट देते."

यात खोटं काही नव्हतं असं मी किती तरी दिवस स्वतःला सांगत होते.

हॉस्पिटलातून ताजा तुकडा आला. मी तो बारीक करून पेशी सुट्या केल्या, अर्ध्या गोठवून ठेवल्या आणि अर्ध्या चिपमध्ये भरल्या. तिसऱ्या दिवशी गोळे धरू लागले. चौथ्या दिवशी मी जेवायला गेले असताना सरांनी चिप बाहेर काढली. परदेशातल्या कोणाला तरी व्हिडिओ कॉलवर दाखवायची होती. दाखवून झाल्यावर ती एसीखाली टेबलावर ठेवून ते बोलत बसले आणि मग फ्रीजमधली गार बाटली पंपाला जोडून चिप परत कपाटात ठेवली. मदत केली मला. दुपारी पाहते तर बारापैकी नऊ पाटांत बुडबुडे. सगळे कोनाडे धुऊन निघालेले. मी केबिनमध्ये जाऊन बोलले तर म्हणाले, "गोठवलेलं सॅम्पल आहे ना? मग टेन्शन काय? परत लाव." वर मलाच ऐकवलं की बुडबुडे अडकवणारी डबी पंपाला का लावली नव्हतीस. ती डबी चार महिन्यांपूर्वी फुटली होती आणि नव्या डबीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

गोठवलेल्या सगळ्या पेशी पुन्हा उठवायला, सावरायला वेळ गेला. दुसरी चिप लावली ती मात्र झकास धरली. इतकी चांगली चिप माझ्या हातून कधी झाली नव्हती. बाराच्या बारा पाटांत गोल, गच्च, कडा स्पष्ट असलेले गोळे. मावशी रोज सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "कशी आहे?" मी म्हणायचे, "मस्त आहे." त्यांना मायक्रोस्कोपमधून दाखवलंही. त्या बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. "एवढीशी," म्हणाल्या.

रविवारी लॅब बंद असते. एका सोमवारी मला ताटली काठोकाठ भरलेली दिसली. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "काल येऊन गेले. मेट्रोनं कितीसा वेळ लागतो? सुकली म्हणजे? रिपोर्टच नाही मिळायचा." पुढच्या रविवारीही आल्या, त्याच्या पुढच्याही. वॉचमनकडून किल्ली घ्यायच्या, ताटल्या भरायच्या, पंपाचा हिरवा दिवा बघायच्या आणि घाटकोपरला परत जायच्या. मी त्यांचं कौतुक केलं. पोरांना सांगितलं, शिका काहीतरी. स्वतःच्या जिवावर उठलेली गाठ ती बाई सुट्टीच्या दिवशी येऊन पाणी घालून जगवत होती, आणि मी शाबासकी देत होते.

आता गोळे तयार होते, औषधं लावायची होती. मी यादी करून सरांकडे नेली. सर म्हणाले, "थांब. लगेच नको मारूस. पाहुणे यायचेत, त्यांना जिवंत, मोठे गोळे बघू देत. त्यांच्यासमोर लाइव्ह औषध सोडू." पाहुणे म्हणजे गुंतवणूकदार. त्यांची तारीख एकदा पुढे गेली, मग आणखी एकदा. मी रोज खाद्य बदलत राहिले. मावशी विचारायच्या, "आज लावणार का औषध?" आणि मी म्हणायचे, "या आठवड्यात लावू." माझ्या मते हे एका प्रयोगाबद्दलचं बोलणं होतं.

एका गुरुवारी त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "हॉस्पिटलातून फोन आला होता. परत तारीख दिली. उद्या अकराची. मी म्हटलं, उद्याही नाही जमायचं, आमचा रिपोर्ट यायचाय."

"कसली तारीख?"

"सलाईनची."

"मावशी, तुमचं सलाईन सुरू झालं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी. "कसं होईल? कुठलं औषध लागू पडतंय ते तू सांगणारेस ना. उगाच दुसरंच अंगात घेऊन काय करू? केस जायचे ते जायचे, वर गाठ तशीच. ही तिसरी तारीख सोडली मी. त्यांना सांगितलंय पहिल्या वेळीच, आमच्या लॅबमध्ये तपासणी चाललीय म्हणून. ते हो म्हणाले."

हॉस्पिटलच्या त्या गर्दीच्या खिडकीवर कोण हो म्हणालं, का म्हणालं, आमचा करार आहे म्हणून त्यालाही तसंच वाटलं का, देव जाणे. सलाईन चालूच असेल असं मी धरून चालले होते, एकदाही विचारलं नव्हतं. मी हिशेब केला. पहिल्या तारखेपासून साडेपाच आठवडे झाले होते. इतके दिवस आमच्या कपाटात गोळे वाढत होते आणि मावशींच्या छातीतही कोणी वाट बघत थांबलेलं नव्हतं. नंतर मी त्यांच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, या साडेपाच आठवड्यांनी किती बिघडलं? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तेही तेच म्हणाले. मला कोणीतरी खडसावून सांगायला हवं आहे आणि कोणी सांगत नाही.

मी तडक केबिनमध्ये गेले. सर लॅपटॉपवर त्याच गोळ्यांच्या फोटोला रंग भरत होते, निळा आणि हिरवा. मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"आपण तिला थांब म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

"तिला तसंच वाटलं, सर."

"वाटलं तर वाटलं. फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय. सातवा क्लॉज. सही आहे तिची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, इमोशनल होऊ नकोस. पाहुणे मंगळवारी नक्की आहेत. मंगळवारनंतर शांतपणे सांग. आता सांगितलंस तर ती घाबरेल, सॅम्पल परत मागेल. अनपढ बाई आहे. चार-पाच दिवसांनी काय होणार आहे?"

म्हणजे परत मागता येतं हे त्यांना माहीत होतं. माझ्या हातात समोरचा पेपरवेट आला होता आणि तो मी खाली ठेवला, याचा मला अजून पश्चात्ताप होतो. मी फाइल मागितली. त्यांनी खुशाल दिली.

तो फॉर्म मी तोवर धड वाचलाच नव्हता. सातवा मुद्दा: या चाचणीचा निष्कर्ष रुग्णाच्या उपचारासाठी वापरला जाणार नाही, रुग्णाने आपले उपचार यासाठी थांबवू नयेत. अकरावा मुद्दा: रुग्ण केव्हाही, कारण न देता आपला नमुना परत घेऊ शकते किंवा नष्ट करवू शकते. शेवटच्या पानावर मावशींची सही, स्वच्छ मराठी अक्षरात. तिच्या खाली एक ओळ: वरील सर्व मजकूर रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितला आहे. आणि त्या ओळीपुढे माझी सही.

मी चाळीस पायऱ्या एका दमात उतरून रस्त्यावर आले. मावशी दोनला सुटल्या होत्या. मरोळ नाक्याहून मेट्रो पकडली, घाटकोपरला उतरले, रिक्षावाल्याने चढावर यायला नकार दिला म्हणून चालत गेले. वाटभर मी सरांना शिव्या देत होते. मोठ्याने देत असणार, कारण एका बाईने वळून पाहिलं. आमच्या घरात शिव्यांचं वावडं नाही, आजोबा गिरणीतले, पण त्या दिवशी जेवढ्या येत होत्या तेवढ्या पुरेनात.

घरी मावशी एकट्याच होत्या. मुलगा आणि सून कामावर गेले होते. खोली नीटनेटकी, फळीवर बुद्धाची मूर्ती, जमिनीवर पेपर पसरून त्यावर मेथी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "रिपोर्ट आला?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसले आणि सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. चिपचा रिपोर्ट आला तरी तुमचे डॉक्टर तो वापरणार नाहीत, वापरायची परवानगीच नाही. तुमचं औषध त्यांनी ठरवलंय आणि ते ताबडतोब सुरू व्हायला हवं होतं. हे कागदावर लिहिलेलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

त्या मेथी निवडत राहिल्या. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला.

"मग ती चिप कशासाठी?"

"शिकायला."

"कोणाला?"

"आम्हाला. पुढे लोकांना उपयोग होईल म्हणून."

"पुढे म्हणजे मला नाही."

"नाही."

खाली गल्लीत कोणाचा तरी कुकर वाजला. मावशींनी निवडलेली जुडी पेपरात गुंडाळली. "मी रविवारी येऊन पाणी घालत होते," त्या म्हणाल्या. एवढंच. मी रडायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझ्या रडण्याची त्यांना त्या वेळी कटकट झाली आणि ते बरोबरच होतं.

मी त्यांच्यासमोर हॉस्पिटलात फोन लावला. उद्याची अकराची जागा अजून कोणाला दिली नव्हती. "उद्या जायचंच, मावशी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "ती माघारी घेता येते का?" मी अकरावा मुद्दा मराठीत सांगितला, या वेळी पूर्ण सांगितला. त्या म्हणाल्या, "मग सकाळी आधी तिकडे येते. आठ वाजता उघड."

आठला मी लॅबमध्ये होते. त्या आठला पाच कमी असताना आल्या, इस्त्रीची साडी, हॉस्पिटलची फाइल पिशवीत. टेबलाशी बसून त्यांनी कागदावर अर्ज लिहिला. चार ओळी, शुद्ध: माझ्या गाठीचा नमुना मी माघारी घेत आहे, तो माझ्यासमोर नष्ट करावा. खाली सही आणि तारीख. मी पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही केली. आयुष्यात वाचून केलेली माझी ती पहिलीच सही असावी.

चिप मी कपाटातून काढली. खरं सांगते, हात अडखळला. इतके सुंदर गोळे धरले होते. चांगलं काम झालं होतं आणि ते माझं होतं, आणि त्याही क्षणी मला ते दिसत होतं, याची मला स्वतःचीच किळस आली. मी पंप सोडवला, चिप मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि सिरिंजमध्ये ब्लीच भरून मावशींपुढे धरली. त्यांना हातमोजे घाला म्हणून सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळा भिंगाला लावला आणि अंगठ्याने सिरिंज दाबली. गोळ्यांच्या कडा विरघळल्या, मग आतलं सुटं झालं, मग नुसता गढूळपणा राहिला. फार वेळ लागला नाही.

"एवढ्यानं मरते," त्या म्हणाल्या. चिप उचलून त्यांनी स्वतः कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. मग कपाट उघडून पाण्याची ताटली काढली, सिंकमध्ये ओतली आणि पालथी घातली.

सर साडेआठला आले. पंप बंद, कपाट उघडं, ताटली पालथी. त्यांनी कागद वाचला आणि पहिल्यांदा काय बोलले तर, "मंगळवारी मी काय दाखवू?" माझ्याकडे बघून म्हणाले. मावशी तिथे उभ्याच नाहीत जणू. मग केबिनमधून फाइल आणली, सातव्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि या वेळी अस्खलित मराठीत मावशींना सुनावलं, "हे मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. तुमच्यासमोर वाचलं होतं. आता आमच्यावर ठपका ठेवू नका."

मला वाटलं, आता बोलतील. मावशींची जीभ मला माहीत होती. मी वाटच बघत होते, त्यांनी त्या माणसाला उभा सोलावा म्हणून. त्यांच्या मागून बोलायला माझंही सगळं तयार होतं.

मावशींनी पिशवी खांद्याला लावली. "नाही ठेवत साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही वाचलं ते मला कळलंच नव्हतं. जे कळलं नाही त्यावर मी विश्वास कसा ठेवणार? तुमच्यावर माझा राग नाही." मग माझ्याकडे बोट न दाखवता, नुसती मान वळवून म्हणाल्या, "ही मराठीत बोलली."

सरांनी फाइल मिटली. मला वाटतं, त्यांना हायसं वाटलं.

मी पर्स उचलली होती, हॉस्पिटलात बरोबर जायला. जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. तिथे त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि सहा वर्षांत कधी नव्हे ते मला मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ, मॅडम. तिथे काय सांगतात ते मी माझं विचारून घेईन."